वडिलांसाठी नवे डॉक्टर कसे निवडावेत? पहिल्या भेटीला काय न्यावं?

दिवेलागण:
बाबांचं वय ७४. बीपी आणि शुगरच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. आमचे नेहमीचे डॉक्टर आता निवृत्त झाले, त्यामुळे घराजवळ नवे डॉक्टर बघायचे आहेत. त्यातच हल्ली बाबा उठून उभे राहिले की त्यांना गरगरतं. जवळ दोन-तीन जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर आहेत, थोडं लांब एक मोठं हॉस्पिटल आहे. नातेवाईक म्हणतात, थेट हृदयाच्या नाहीतर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मला ते फारसं पटत नाही, पण त्यांना ठामपणे नाही म्हणायलाही धीर होत नाही. निवडताना नेमकं काय बघायचं? आणि बाबा डॉक्टरांसमोर बसले की "मला काही होत नाही" म्हणून मोकळे होतात, त्यावर काय करावं?

पाणवठा:
आधी जवळचे जनरल डॉक्टरच बघा. गरज पडली तर पुढे कुणाकडे पाठवायचं हे त्यांना जास्त चांगलं कळतं. एकाच डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं जाण्याला मोल आहे. 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली २२ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यातल्या १८ अभ्यासांत, ठरलेल्या डॉक्टरांकडे जात राहणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. डॉक्टर तेच असल्यामुळेच ते कमी झालं असं काही त्यातून सिद्ध होत नाही, तरी निवडताना एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे. नोंदणी वैद्यकीय परिषदेच्या यादीत तपासून घ्या. आणि दवाखान्याला जिना किती आहे तेही बघा, कारण बाबांना गरगरतंय.

ओसरी:
मी परिचारिका म्हणून दवाखान्यातच उमेदीची सगळी वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॉक्टर हुशार आहेत की नाहीत हे आपल्याला बाहेरून कळत नाही. मग जे कळतं ते बघावं. ते रजेवर असले की पेशंट कोण बघतं? रिपोर्ट आल्यावर फोनवर बोलता येतं का? औषध का बदललं ते सांगतात का, चिठ्ठीवर निदान लिहितात का? पहिल्या दोन गोष्टी स्वागतकक्षात विचारून घ्या. बाकीच्या एका भेटीत समजतात. आणि ते बाबांशी बोलतात की बाबांना बाजूला ठेवून तुमच्याशी, हे मात्र नक्की बघा. माझ्या लेखी याला सगळ्यात जास्त वजन आहे.

आता तयारी. औषधांची नुसती यादी नेऊ नका, घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. लोक यादीत बीपी-शुगरच्या गोळ्या लिहितात आणि थांबतात. डोळ्यांचे थेंब, प्रोस्टेटची गोळी, अंगदुखीसाठी आपणच आणलेल्या गोळ्या, झोपेची गोळी, काढे, व्हिटॅमिन यांतलं काहीच त्यांना औषध वाटत नाही. पण काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब असतील तर ते रक्तात शोषले जाऊन नाडी मंद करू शकतात. टॅम्सुलोसिनसारख्या प्रोस्टेटच्या गोळीने उभं राहताना बीपी उतरू शकतं. काही वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडावरही ताण आणतात. स्ट्रिपवर कंपनीने गोळीला दिलेल्या नावाबरोबर मूळ औषधाचं नावही असतं, ते वाचा. दोन वेगळ्या नावांनी एकच औषध दोनदा चालू असलेले पेशंट मी पाहिले आहेत.

घरी बीपीचं मशीन असेल तर हे करा. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी मोजा. मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी खुर्ची ठेवा, तुम्ही बाजूला उभ्या राहा, आणि फार गरगरलं तर लगेच बसवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर ते तीन आकडे वेळेसह लिहून न्या. ती एक नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते.

गरगरणं म्हणजे नेमकं काय होतं हेही बाबांच्या शब्दांत लिहून घ्या. खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? उठल्यावरच होतं, की अंथरुणात कूस बदलतानाही? गोळी घेतल्यानंतर किती वेळाने? कधी पडले का?

आत गेल्यावर पहिलं वाक्य गरगरण्याचंच असू दे. अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडलं होतं. म्हणून महत्त्वाचं शेवटी ठेवू नये. बाबा "काही होत नाही" म्हणाले तर त्यांना खोडून काढू नका. "बाबा, परवा बाथरूममधून येताना भिंत धरली होती, ते सांगा ना," असं म्हणा. प्रसंग आठवून दिला की माणूस बोलता होतो.

चेहरा वाकडा होणं, बोलणं अडखळणं, एका हातातली शक्ती जाणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. लगेच हॉस्पिटल.

दिवेलागण:
ओसरीताई, पिशवी भरायला घेतली तर काचबिंदूचे थेंबही निघाले आणि प्रोस्टेटची गोळीही. दोन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली आहेत. जवळच्या एका डॉक्टरांची परवाची वेळ मिळाली. तोवर ही गोळी बंद ठेवू का? आणि रक्त तपासायला सांगतील म्हणून उपाशीपोटी नेऊ का?

ओसरी:
मनाने काहीच बंद करू नका, थेंबसुद्धा नाहीत. ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करून गरगरण्याचं सांगा, ते म्हणतील तसं करा. तोवर बाबांना झटकन उठू देऊ नका. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसू द्या, मग आधार घेऊन उभं राहू द्या. रात्री बाथरूमला जाताना दिवा लावायला आणि हाक मारायला सांगा.

उपाशीपोटी नेऊ नका. शुगरची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर काही गोळ्यांनी शुगर एकदम उतरते, आणि चक्कर आधीच आहे. एचबीए१सी या रक्ततपासणीला उपास लागत नाही, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगरची सरासरी कळते. उपाशीपोटीची तपासणी सांगितलीच तर त्या सकाळी गोळी कधी घ्यायची ते तिथेच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.