अर्थशास्त्राच्या मॅडम उत्तर सांगत नाहीत, विचारतच राहतात. अभिप्रायात काय लिहू?

दुसरं_वर्ष

मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शुक्रवारपर्यंत शिक्षकांबद्दलचा अभिप्राय भरून द्यायचाय. एका मॅडमवरून वर्गात सरळ दोन तट पडलेत. ग्रुपवर ठरत आलंय की सगळ्यांनी मिळून त्यांना 5 पैकी 1 द्यायचा. मला ते अजिबात पटत नाही, पण 5 द्यायलाही हात धजत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागणी-पुरवठा त्यांनी शिकवायला घेतला त्या दिवशी फळ्यावर काहीच काढलं नाही. अर्ध्या वर्गाला पिवळी कार्डं दिली, अर्ध्याला निळी. पिवळ्या कार्डावर ती वस्तू जास्तीत जास्त कितीला घ्यायची तो आकडा, निळ्यावर कमीत कमी कितीला विकायची तो. आपला आकडा कोणाला दाखवायचा नाही. मोठ्याने भाव बोलायचा, सौदा ठरला की किंमत फळ्यावर लिहायची. माझ्या कार्डावर 34 होते. पहिल्या फेरीत मी घाईघाईत 33 ला घेतलं आणि मागच्या बाकावरच्या मुलाने तीच वस्तू 19 ला घेतली! दुसऱ्या फेरीत मी आधी ऐकत राहिले. चौथ्या फेरीपर्यंत फळ्यावरचे जवळजवळ सगळे आकडे 25 ते 27 मध्ये आले. मग मॅडमनी कार्डं गोळा केली, खरेदीदारांची उतरत्या आणि विक्रेत्यांची चढत्या क्रमाने लावली आणि पायऱ्यापायऱ्यांच्या दोन रेषा काढल्या. त्या 26 ला छेदत होत्या. ती फुलीसारखी आकृती मी वहीत कितीतरी वेळा काढली असेल, पण त्या दोन रेषा म्हणजे आमच्याच हातातली कार्डं आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आता दुसरी बाजू. मॅडम नोट्स देत नाहीत. आम्ही अभ्यासक्रमात दीड प्रकरण मागे आहोत. आणि त्या कोणालाही नाव घेऊन उभं करतात. लवचीकतेच्या (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते मोजण्याच्या) तासाला मला उभं केलं. "किंमत 20 वरून 25 झाली, किती टक्के वाढली?" मी म्हटलं 25. "आणि 25 वरून 20 वर आली तर किती टक्के उतरली?" मी पुन्हा 25 म्हटलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. साठ जण माझ्याकडे बघत होते. खूप वेळाने माझ्या लक्षात आलं की 25 मधले 5 म्हणजे 20 टक्के. मग त्यांनी विचारलं, तोच रस्ता जाताना लांब आणि येताना जवळ कसा? त्यातून दोन्ही किमतींची सरासरी, 22.5, पाया म्हणून घ्यायची पद्धत आमच्याकडूनच काढून घेतली. ती मी जन्मात विसरणार नाही. पण माझे कान कसे तापले होते तेही विसरलेले नाही. माझ्या शेजारची मैत्रीण तर त्यांच्या तासाला येणंच सोडून बसलीये.

पहिल्या चाचणीत मला 20 पैकी 11 मिळाले. समजलं होतं सगळं, पण "सोदाहरण स्पष्ट करा" म्हटल्यावर कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. हे दोन्ही खरं असताना मी काय लिहावं?

शेवटचं_बाक

तुमच्या मॅडम चांगल्या असतील, पण 1 द्यायला निघालेल्यांचं म्हणणं तुम्ही जरा झटकून टाकताय असं वाटलं. मी कॉलेज करताना अर्धवेळ नोकरी करत होतो. आमचेही एक सर असेच शिकवायचे. तासाला मजा यायची, मान्य. पण तास संपल्यावर वहीत पाच शब्द आणि एक बाण. ज्याला घरी बसून दोन तास पुस्तकाशी जुळवाजुळव करता येते त्याला ही पद्धत परवडते. मला नाही परवडली. ज्या दिवशी कामामुळे तास बुडायचा त्या दिवसाचं सगळंच बुडायचं, कारण दुसऱ्याची वही मागून काय उतरवणार? पेपर लेखी असेल तर लेखी उत्तर कसं रचायचं हे शिकवणं हेही शिक्षकाचंच काम आहे. 1 देऊ नका, पण हे स्पष्ट शब्दांत लिहा.

वक्ररेषा

कार्डांचा खेळ वाचून राहवलं नाही. हा प्रयोग फार जुना आहे. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन हार्वर्डमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना खरेदीदार-विक्रेते करून तो घ्यायचे आणि 1948 मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष मात्र उलटा होता. मुलं आपापसात फिरून सौदे करायची आणि किमती समतोलाला, म्हणजे त्या दोन रेषा छेदतात त्या किमतीला, येत नसत. त्यांच्या वर्गात बसून हा खेळ खेळलेले एक विद्यार्थी होते व्हर्नन स्मिथ. त्यांनी पुढे शिकवायला लागल्यावर त्यात बदल केले: भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने बोलायचा आणि तीच फेरी पुन्हा पुन्हा घ्यायची. किमती समतोलाकडे सरकल्या. ते निष्कर्ष 1962 मध्ये छापून आले आणि 2002 मध्ये त्यांना प्रायोगिक अर्थशास्त्रासाठी नोबेल मिळालं.

तुमच्या मॅडमनी मोठ्याने बोलायला, फळ्यावर लिहायला आणि चार फेऱ्या खेळायला लावलं ते उगीच नाही. त्याशिवाय 26 आलेच नसते. इतकी तयारी करून तासाला येणाऱ्या बाईंना 1 मिळणार असेल तर मला खरंच वाईट वाटेल. तुमचं ते 33 ला घेणं आणि दुसऱ्या फेरीत थांबून ऐकणं, तसंच्या तसं अभिप्रायात लिहा.

खडूफळा

मी स्वतः अर्थशास्त्र शिकवते, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते.

अभिप्रायाचे कागद हातात येतात तेव्हा सरासरी 3.2 आली की 3.8, यावरून उद्याच्या तासाला काय बदलायचं ते मला कळत नाही. एका मुलीने एकदा लिहिलं होतं, "तुम्ही प्रश्न विचारून लगेच नाव घेता, त्यामुळे ज्याचं नाव घेतलं तो सोडून बाकी सगळे विचार करायचं थांबवतात." तेव्हापासून मी आधी प्रश्न विचारते, एक मिनिट सगळ्यांना वहीत उत्तर लिहायला देते, मग शेजाऱ्याशी बोलायला सांगते आणि नाव सगळ्यात शेवटी घेते. उभं राहणाऱ्याच्या हातात तोवर काहीतरी असतं. तुमच्या मैत्रिणीचं तासाला न येणं ही या अभिप्रायातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. तिची ओळख पटेल असं काही लिहू नका, पण हे लिहाच.

दुसरं, "काही शिकवत नाहीत" असं वाटणं आणि खरंच न शिकणं यात फरक असू शकतो. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना स्वतः उदाहरणं सोडवायला लावली त्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं. सुरेख व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. डोक्याला ताण पडला की तो आपण न समजल्याची खूण मानतो. मॅडमनी हे वर्गाला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगायला हवं होतं, ही चूक मात्र त्यांची. मीही पूर्वी सांगत नसे.

शेवटच्या बाकाचं म्हणणं मला पटतं. तास संपताना सात-आठ मिनिटांत मुद्द्यांचा सांगाडा फळ्यावर लिहून दिला तर ही पद्धत मोडत नाही. आणि शुक्रवारची वाट कशाला बघता? अभिप्राय त्यांच्या हातात पडेपर्यंत सत्र संपलेलं असेल. आत्ताच जाऊन बोला.

दुसरं_वर्ष

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तास संपल्यावर मी आणि वर्गातली आणखी दोघं मॅडमकडे गेलो. मी खडूफळा ताईंचं ते एक मिनिट लिहायचं सांगितलं, सांगाड्याचंही सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, डायरीत लिहून घेतलं आणि विचारलं, "तुला उभं केलं होतं तेव्हा मी किती वेळ थांबले होते?" मी म्हटलं, खूप. त्या म्हणाल्या, "मला पाच सेकंद वाटले होते."

आज देशादेशांतला व्यापार का होतो यावरचं अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं 1817 मधलं उदाहरण घेतलं. फळ्यावर चार आकडे: ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये 100 माणसांचं वर्षाचं श्रम, वाइनला 120, पोर्तुगालमध्ये कापडाला 90, वाइनला 80. पोर्तुगाल दोन्हींत वरचढ, मग त्याने इंग्लंडकडून कापड का घ्यावं? या वेळी आधी सगळ्यांनी लिहिलं. मग त्यांनी पोर्तुगालचे आकडे पुसून कापडाला 75 आणि वाइनला 90 केले आणि विचारलं, आता व्यापार होईल का? बहुतेकांनी हो लिहिलं, कारण पोर्तुगाल अजूनही दोन्हींत स्वस्त. मी भागाकार करून पाहिला. 100 भागिले 120 आणि 75 भागिले 90, दोन्हींचं उत्तर एकच. दोघांनाही एका वाइनसाठी सारखंच कापड सोडावं लागतं, मग देवाणघेवाण करून कोणाच्या पदरात काय पडणार? या वेळी मी स्वतःहून हात वर केला.

शेवटची सात मिनिटं मॅडमनी फळ्यावर सांगाडा लिहून दिला: गृहीतकं, तक्ता, संधी खर्चाचं (एका वस्तूसाठी दुसरी किती सोडावी लागते त्याचं) गुणोत्तर, निष्कर्ष, मर्यादा. मैत्रिणीला त्याचा फोटो पाठवलाय, सोमवारी बघू म्हणाली.

अभिप्रायात आकडा 4 दिलाय आणि खालच्या कोऱ्या जागेत ते 33, ती शांतता, दीड प्रकरण, सगळं लिहिलंय. जागा पुरली नाही, मागच्या पानावर गेले.