हायड्रॉक्सीक्लोरोक्विन बंद करून आठ महिने झाले, आता वाचताना अक्षरं गळतात

प्रश्न: बहिणीला ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, वजन ५० किलो. त्यासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज, ११ वर्षं. आठ महिन्यांपूर्वी बंद केली. आता ओळीतली मधलीच अक्षरं दिसत नाहीत. चष्म्याचा नंबर बदललेला नाही. थांबवलेली गोळी आता त्रास देईल का? कुठल्या तपासण्या करायच्या?

उत्तर १: देऊ शकते. ५० किलोला ४०० म्हणजे किलोमागे ८ मिलिग्रॅम. मर्यादा ५ ची, तीही खऱ्या वजनावर. एक दिवस २०० आणि एक दिवस ३०० पुरली असती. या औषधाचं अर्धायुष्य (अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा काळ) साधारण ४० दिवसांचं, म्हणून ते अंगातून निघायला महिने लागतात. शिवाय डोळ्याच्या पडद्यामागच्या (रेटिनामागच्या) रंगद्रव्याच्या थराला ते चिकटून बसतं. इजा त्या थरापर्यंत गेली असेल तर गोळी थांबल्यावरही ती वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ वाढत राहते. गेलेली नजर परत येत नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) किती आहे? किडनी मंद असेल तर औषध साठतं.

उत्तर २: नुसत्या टॉर्चखाली ‘पडदा छान आहे’ ऐकून परत येऊ नका. बुल्स आय (पडद्याच्या मध्याभोवती दिसणारं इजेचं कडं) दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रेटिनाच्या डॉक्टरांकडे ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन), ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याच्या स्वयंप्रकाशाचा फोटो) आणि फील्ड (नजरेच्या क्षेत्राची तपासणी) करून घ्या. फील्ड १०-२ वर (फक्त मधल्या १० अंशांची चाचणी) थांबवू नका, २४-२ किंवा ३०-२ (जास्त रुंद भागाची) ही हवं: आशियाई लोकांत इजा बऱ्याचदा मध्यबिंदूपासून लांब सुरू होते आणि १०-२ तिथवर पोचतच नाही. फील्ड आधी, बाहुली मोठी करायचे थेंब नंतर.

प्रश्नकर्ता: प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ५ मिलिग्रॅम चालू आहे.

उत्तर ३: मग डोळ्याचा दाब आणि मोतीबिंदूही बघा. स्टिरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला धरतो, उन्हात आणि वाचताना जास्त जाणवतो. पण प्रेडनिसोलोन मनाने बंद करू नका.

आणखी एक शक्यता: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन थांबल्यावर ल्युपसच उसळला असेल. गोळीची इजा हळूहळू, दोन्ही डोळ्यांत जवळपास सारखी होते. एकाच डोळ्यात काही तासांत अंधारी आली, तर रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी) पॉझिटिव्ह असेल तर हे आधी सांगा.