अनुभव धागा : तुमच्या मंडळाचं प्रदर्शन कुठल्या भिंतीवर लागलं होतं?

एका शिक्षकमित्राला चित्रकलेच्या कॉलेजचं जुनं कपाट आवरताना विद्यार्थी मंडळाची नोंदवही सापडली. ती त्याने मला आणून दिली. पानोपानी हिशेब आहे : सुतळी, बोर्डपिना, ट्यूबलाइटचं भाडं, पाहुण्यांचा चहा. चित्रं कुणाकुणाची लागली होती, ते मात्र एका ओळीनेही लिहिलेलं नाही.

मला अजिंठा आठवला. जळगावहून साठेक किलोमीटर. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले आपले विद्यार्थी घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. ग्रिफिथ्स सगळ्यांना ठाऊक आहेत. लेण्यांच्या अंधारात बसून ज्या पोरांनी रेषा उतरवून घेतल्या, त्यांतली पेस्तनजी बमनजींसारखी एखाद-दोन नावं सोडली तर बाकीची आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील?

मुंबईला १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे. आपल्याकडे मंडळाला जी भिंत मिळाली ती गॅलरी. म्हणून ए.टी.डी., फाउंडेशन, जी.डी. आर्ट, असा चित्रकलेचा जो काही अभ्यासक्रम ज्यांनी खान्देशात केला असेल त्या सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं : भिंत कुणाची होती, तिच्यावर कुणाचं काय लागलं होतं, आठवेल तेवढं लिहा. सुरुवात मी करतो, खाली आपापल्या गावाचं नाव टाकून तुम्ही लिहा.

जळगाव

आमची गॅलरी म्हणजे जिन्याखालचा बोळ आणि त्याला लागून असलेली पत्र्याची शेड. वार्षिक प्रदर्शन मार्चमध्ये. पहिल्या वर्षी आम्ही चित्रं चिकटपट्टीने भिंतीला लावली. दुपारी दोनला पत्रा तापला, पट्टीचा गोंद सुटला आणि एकेक हाफ इम्पीरियल आकाराचा कागद खाली यायला लागला. प्रमुख पाहुणे साडेतीनला येणार होते. सीनियरने शेजारच्या धान्याच्या दुकानातून सुतळीचा गुंडा आणला. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोन पदर ताणले, वर क्लिपा लावल्या. तरी कागद खालून वळत होते, तेव्हा प्रत्येकाच्या तळाला मागून बांबूची एकेक काडी चिकटवली. नीट राहिले. पुढची सगळी वर्षं आम्ही तसंच टांगलं, नव्या मुलांना तसंच शिकवलं. मधोमध मेहरूण तलावाचं एक पहाटेचं जलरंग होतं. पाणी म्हणून कागद नुसता कोरा सोडलेला. ते ज्याने केलं तो पुढे घरच्या केळीत अडकला आणि ब्रश सुटला. त्याच्याइतका धीट हात मी नंतर पाहिला नाही.

धुळे

दोन वर्षं मी मंडळाची सचिव होते. निसर्गचित्रणाला आम्ही लळिंगच्या किल्ल्यावर जायचो. पायथ्याशी एस.टी.तून उतरायचं आणि बोर्ड डोक्यावर धरून चढायचं. प्रदर्शन एका वाचनालयाच्या वऱ्हांड्यात. मंडळाने तेव्हा ठरवलं होतं की उद्घाटनाला मुलांच्या आईवडिलांनी यायचं. माझे वडील कापूस विकायला आले होते, तसेच धोतर-टोपीत आले. माझ्या चित्रात आमची विहीर होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला म्हणाले, "हाई मन्ही पोरनी काढेल शे." तोवर शिक्षण कशाला म्हणून घरात रोज वाद होता. त्या दिवसापासून फीचा विषय निघाला नाही.

चाळीसगाव

मंडळाची सहल छायाचित्रकार केकी मूस यांच्या बंगल्यावर गेली होती, ते १९८९ मध्ये वारल्यानंतर. स्टेशनजवळचा दगडी बंगला. टेबलावर मांडामांड करून त्यांनी काढलेले फोटो आम्ही पाहिले. आपण निसर्गचित्रं समजतो ती दृश्यं एका टेबलावर रचलेली आहेत, हे कळल्यावर सगळे गप्प झाले. परत आल्यावर स्टिल लाइफच्या, म्हणजे मांडलेल्या वस्तूंच्या चित्रणाच्या तासाला कुणी कंटाळलं नाही. त्या वर्षी मंडळाने अख्खी एक भिंत स्टिल लाइफला दिली.

नंदुरबार

थोडक्यात लिहितो. विषय 'होळी' होता. आम्ही सगळ्यांनी काठी गावच्या राजवाडी होळीतले नाचणारे समोरून काढले, मोरपिसांचे टोप, घुंगरू, ढोल. धडगावकडच्या एका मुलाच्या चित्रात नुसत्या पाठी होत्या, वर पिसं, आणि फटीतून थोडा जाळ. तो त्या रिंगणात नाचलेला होता, त्याला होळी तशीच दिसत होती. मंडळाने ते दारातच लावलं. दुसऱ्या वर्षी तो आला नाही. फी भरायची राहिली होती, आणि वर्गणीतून ती भरावी हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. आजही त्याचा सल आहे.

जळगाव, सध्या पुणे

वर पत्र्याच्या शेडबद्दल वाचलं आणि हात थांबला. मी त्याच कॉलेजची. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलं चित्रं टांगायला थांबायची, आम्हा मुलींना सहानंतर थांबू देत नसत. मग आमच्याकडे चिठ्ठ्यांचं काम आलं. माउंटबोर्डाचे उरलेले तुकडे कापून त्यावर बोरूने लिहायचं : चित्राचं नाव, माध्यम, विद्यार्थ्याचं नाव, वर्ग. प्रदर्शन उतरलं की चित्रं ज्याची त्याला जायची आणि चिठ्ठ्या केरात. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या गोळा करून बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे. लग्नानंतर तीन घरं बदलली, डबा सोबत आहे.

आत्ता काढून मोजल्या. एकशे सहा आहेत. काहींना कसर लागली आहे, पण अक्षर वाचता येतं. एकीवर लिहिलंय, 'मेहरूण, पहाट. जलरंग.' खाली नाव आहे. नोंदवही ज्यांच्याकडे आहे त्यांनी पत्ता कळवावा, डबा पाठवते.