‘ज्यूद्वेष’ की ‘ज्यूविरोध’?

अनुवादिनी: अमेरिकी मोटार-कारखानदार हेन्री फोर्डवरील लेखाच्या अनुवादात मी ‘ज्यूद्वेष’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘ज्यूविरोध’ केले. ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ या आपल्या साप्ताहिकात फोर्डने २२ मे १९२० पासून सलग ९१ अंक ज्यूंवर गरळ ओकणारी लेखमाला चालवली आणि मोटारविक्रेत्यांना ते साप्ताहिक गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायला लावले. याला नुसता विरोध म्हणावे काय?

तर्कटी: संपादकांचे बरोबर आहे. द्वेष ही मनातली भावना झाली. ती सिद्ध कशी करणार? फोर्डच्या कारखान्यांचे वास्तुविशारद आल्बर्ट कान ज्यू होते. ज्यू धर्मगुरू लिओ फ्रँकलिन यांना तर तो दरवर्षी नवी मोटार भेट देत असे. लेखमाला सुरू झाल्यावर त्यांनी मोटार परत पाठवली, तेव्हा फोर्डला त्याचे नवलच वाटले.

जुनी वही: त्या नवलातच सारे आले. ओळखीचा ज्यू चांगला, पण ‘ज्यू’ म्हणून जी एक जात मनात रंगवलेली असते ती वाईट. ही वृत्ती आपल्याकडे कोणाला नव्याने समजावून सांगावी लागत नाही. विरोध धोरणाला असतो, माणसाच्या जन्माला नव्हे.

खारेपाट: मुळात ‘ज्यू’ तरी कशाला? मराठी बायबलात ‘यहूदी’ आहे. शिवाय आमच्या अलिबागकडे तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्या नावात द्वेष नव्हता.

जुनी वही: खारेपाटकर, तो स्वतंत्र धागा होईल. बाईंनी पुढे ‘नाझींशी लागेबांधे’ असेही लिहिले असेल, तर माझी हरकत तिथे आहे. लागेबांधे म्हटले की आतून व्यवहार आला, आणि फोर्डने हिटलरला पैसा पुरवल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही.

अनुवादिनी: मी ‘साटेलोटे’ लिहिले आहे.

तर्कटी: अहो, साटेलोटे म्हणजे एका घरचे बहीणभाऊ दुसऱ्या घरच्या भाऊबहिणीला देणे! इथे देवाणघेवाण कोणती?

अनुवादिनी: लेखमालेची पुस्तके जर्मनीत गेली, बाल्डुर फॉन शिराख या हिटलरच्या युवक संघटनेच्या म्होरक्याने ती वाचून आपण ज्यूद्वेष्टे झालो, असे नाझी पुढाऱ्यांवरील न्यूरेंबर्गच्या खटल्यात सांगितले. उलट बाजूने ३० जुलै १९३८ रोजी, फोर्डच्या पंचाहत्तरीला, जर्मन वकिलांनी त्याला हिटलरचे पदक बहाल केले. १९२७ मध्ये खटल्याच्या कचाट्यात सापडल्यावर जाहीर माफी मागणाऱ्या या गृहस्थाने ते पदक, अमेरिकेत ओरड होऊनही, परत केले नाही.

तर्कटी: पदक म्हणजे लेक दिली काय? फार तर आहेर म्हणा.

खारेपाट: आहेराची परतफेड करावी लागते, हे आमच्या आजीला विचारा. आणि ‘वकील’ नको, ‘वाणिज्यदूत’ लिहा. वाचकाला कोर्टातले वकील वाटतील.

जुनी वही: पेशवाईत ‘वकील’ म्हणजे दूतच होता. ‘वाणिज्यदूत’ हे सरकारी टाकसाळीतले नाणे आहे.