किचवा लोक मुळं कुटून मासे कसे पकडतात?
प्रश्न: इक्वेडोरच्या नापो नदीकडचे किचवा लोक म्हणे बार्बास्कोची मुळं कुटून पाण्यात टाकतात आणि मासे आपोआप वर येतात, मग ते खाल्लेले चालतात का?

उत्तर १: हो, त्या मुळांत रोटेनोन नावाचं विष असतं, ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, म्हणून मासे गुदमरून वर येतात. माणसाच्या पोटातून ते फार कमी शोषलं जातं, म्हणून खाल्लं तरी चालतं. पण पिल्लंही मरतात ना, ते मला नाही पटत.

उत्तर २: सगळं काही विषावर नाही हो! काराचामा नावाचा मासा दगडांना चिकटून असतो, तो तर बुडी मारून हातानेच काढतात. बाकी पाग (फेकायचं जाळं), गळ आहेतच. मग पानात गुंडाळून निखाऱ्यावर, त्याला माइतो म्हणतात.

प्रश्नकर्ता: हाताने?? भारीच!