गाचा गेम एक रुपया न घालता खेळतो, त्यात चूक काय? (डोक्कान बॅटल)

सैयान_सातारकर

ड्रॅगन बॉल झी या जपानी ॲनिमे सिरीजवरचा डोक्कान बॅटल हा मोबाइल गेम मी बरीच वर्षं खेळतोय, त्यात पैसे घातलेले नाहीत आणि घालणारही नाही. परवा मित्रांच्या ग्रुपवर एकजण म्हणाला की गाचा गेम (ज्यात कुठलं कार्ड निघेल ते नशिबावर असतं असे गेम) म्हणजे सरळ जुगार, खेळणारे सगळे व्यसनी, फुकट खेळणारे तर आणखी बावळट कारण वेळ घालवून हातात काहीच नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय, विरोधातलेही मुद्दे येऊ देत.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी. २०१५ चा गेम आहे, आकात्सुकी या जपानी कंपनीने बनवला, बांदाई नामकोने बाजारात आणला. गोकू, व्हेजिटा, पिकोलो, फ्रीझा, सेल सगळ्यांची कार्डं जमवायची, सहा कार्डांची टीम, सातवं कार्ड फ्रेंडचं, आणि 'की' म्हणजे पात्रांची आतली शक्ती, तिच्या रंगीत गोळ्यांमधून रस्ता निवडून अटॅक करायचा. नवीन कार्ड हवं तर ड्रॅगन स्टोन लागतात, पाच स्टोनला एक कार्ड, पन्नासला दहा. स्टोन विकत मिळतात, पण रोज लॉगिन केलं, स्टेज पहिल्यांदा पार केली, मिशन पूर्ण केली की फुकट पण मिळतात आणि ॲनिव्हर्सरीच्या वेळी तर बऱ्यापैकी मिळतात. म्हणजे दुकान आहे, पण दुकानात गेलंच पाहिजे असं नाही.

आता मला यात काय आवडतं. लोकांना वाटतं दुर्मिळ कार्ड मिळालं की झालं, पण तसं नाहीये, कार्डं एकमेकांशी लिंक होतात, आणि ती लिंक सिरीजमधल्या नात्यावरून, लढायांवरून ठरलेली असते, त्यामुळे कोण कुणाच्या शेजारी उभा राहिला तर दोघांची ताकद वाढेल हे ज्याने सिरीज मनापासून पाहिलीय त्याला पटकन कळतं. सुपर बॅटल रोडसारख्या स्टेजला तर ठराविक टीमच चालते, मग जुनं, विसरलेलं, दोन वर्षं बॉक्समध्ये पडलेलं कार्ड काढून त्याला मेडल देऊन अवेकन करायचं, म्हणजे वरच्या दर्जाला न्यायचं, आणि त्याच्याच जोरावर स्टेज काढायची. यात जी मजा आहे ती कार्ड विकत घेणाऱ्याला मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्याकडे सगळंच असतं, त्यामुळे त्याला विचार करावा लागत नाही. माझ्याकडे जे आहे त्यातूनच मला मार्ग काढायचाय.

आणि ते ॲनिमेशन! सेल या खलनायकासमोर गोहान आणि मागे त्याचा बाप गोकू, तो बापलेकाचा कामेहामेहा (हातातून सोडलेला शक्तीचा झोत), हा प्रसंग आम्ही लहानपणी टीव्हीवर हिंदीत बघितलेला. तोच प्रसंग इथे नव्याने काढलाय, ते बघून अजून अंगावर काटा येतो. मार्च २०२४ मध्ये आकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी गेम उघडून नुसता बॉक्समधली कार्डं बघत बसलो होतो. माझ्यासाठी हा त्या माणसाने काढलेल्या पात्रांचा संग्रह आहे. याला जुगार म्हणायचं कसं?

रीमा_के

संग्रह नाहीये तो. संग्रह तुझ्या मालकीचा असतो. ही कार्डं तुझी नाहीत, सर्व्हर बंद झाला की सगळं गेलं.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. लव्ह लाइव्हचा स्कूल आयडॉल फेस्टिव्हल हा पण ॲनिमेवाल्या मुलींची कार्डं जमवायचाच गेम होता, जपानमध्ये २०१३ ला आला, मी कॉलेजात असताना जीव लावून खेळले, मार्च २०२३ ला बंद. त्याचा दुसरा भाग जगभरासाठी येणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, आणि २०२४ च्या जानेवारीत जी घोषणा आली त्यात फेब्रुवारीत सुरू होणार आणि ३१ मे ला बंद होणार हे दोन्ही एकाच वेळी सांगितलं. सुरू व्हायच्या आधीच शेवटची तारीख! नारुटोचा ब्लेझिंग पण २०१६ ला आला आणि २०२१ ला गेला. तू म्हणतोस पैसे घातले नाहीत, बरोबर, पण जीव तर लावलास ना, तो कुठून परत मिळणार? मंगाचे खंड घे, फिगर घे, एक घे पण हातात राहील असं घे.

सैयान_सातारकर

रीमा, बंद होणार हे मान्यच. पण क्रिकेटची मॅच संपते म्हणून मॅच बघू नये का? मी जे खेळलो तो वेळ आनंदात गेला, तो कोणी डिलीट करू शकत नाही. आणि ओरिजिनल फिगरच्या किमती बघितल्यास का तू, नोकरी नसलेल्या पोराने काय करायचं. फुकट गेम हाच त्याला परवडणारा दरवाजा आहे.

तोक्योवासी_पुणेकर

मी कामानिमित्त जपानमध्ये राहतो आणि हा धंदा जवळून बघतो, म्हणून जरा मोठं लिहितोय.

इथे स्टेशनबाहेर, मॉलमध्ये कॅप्सूल टॉयच्या मशिनच्या रांगाच्या रांगा असतात, नाणं घाला, चक्री फिरवा, आत काय आहे ते नशीब. मोबाइल गेमने तीच कल्पना उचलली, फरक एवढाच की मशिनमधून निदान एक खेळणं हातात पडतं आणि खिशातली नाणी संपली की माणूस आपोआप थांबतो. फोनवर नाणी संपत नाहीत.

आणि हे जुगारासारखं आहे हे बाहेरच्या लोकांनी ठरवलेलं नाही, जपानलाच ते आधी कळलं. पूर्वी 'कोंपु गाचा' नावाचा प्रकार होता, म्हणजे चक्रीतून अमुक अमुक कार्डांचा पूर्ण सेट जमवला तरच मोठं बक्षीस. सेटमधलं शेवटचं कार्ड येता येत नाही आणि माणूस पैसे ओततच राहतो. २०१२ मध्ये इथल्या ग्राहक खात्याने ते बेकायदा ठरवलं, ग्री आणि डीएनए या गेम कंपन्यांचे शेअर धाडकन पडले. मग २०१६ च्या सुरुवातीला ग्रानब्लू फँटसीमध्ये एका माणसाने एका कार्डासाठी लाइव्ह स्ट्रीमवर जवळपास सात लाख येन घातले, लोक भडकले, आणि त्यानंतर त्या कंपनीने ३०० चक्र्यांची मर्यादा आणली, तेवढ्या झाल्या की हवं ते कार्ड द्यायचंच. खुद्द डोक्कानचं घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानी खेळाडूंच्या लक्षात आलं की कुठली कार्डं निघू शकतात ती यादी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी दिसतेय, एवढा गदारोळ झाला की कंपनीला गेम मेंटेनन्सला टाकावा लागला आणि भरपाई द्यावी लागली.

सातारकर, तुमचं प्रेम खरं आहे याबद्दल शंका नाही. पण तुम्ही फुकट खेळता म्हणून तुम्ही या सगळ्याच्या बाहेर आहात हे मला मान्य नाही. पैसे घालणारा माणूस कार्ड कुणाला दाखवायला घेतो? तुम्हालाच. फ्रेंड लिस्टमधून त्याचा लीडर, म्हणजे त्याच्या टीमचं मुख्य कार्ड, कोण उचलतो? तुम्हीच. गर्दी नसेल तर तो पैसे घालणार नाही. तुमचं रोजचं लॉगिन हा त्या दुकानाच्या मालाचाच भाग आहे.

विदर्भवीर_व्हेजिटा

भाऊ हे जरा जास्तच होऊन राहिलं. म्हणजे मी मंदिरात दर्शनाला गेलो तर बाहेरच्या महागड्या प्रसादाच्या दुकानाचा भागीदार झालो का? डोक्कानात तर समोरासमोर खेळून दुसऱ्याला हरवायचंच नसते, सगळे कॉम्प्युटरसंगच लढतात, त्यामुळे पैसेवाला माझ्यापुढं गेला तरी माझं काय बिघडते. त्याचा लीडर मी घेतो, माझी स्टेज निघते, बस्स. पैसे कोण घालते, कायले घालते हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि एक गोष्ट कोणी बोलली नाही. समन केलं, म्हणजे स्टोन देऊन कार्ड ओढलं, की नाणी भेटतात, ती साठवून गेममधल्याच बाबाच्या दुकानात जुने चांगले कार्ड सरळ घेता येतात, नशिबाचा काही संबंध नाही. थांबायची तयारी पाहिजे फक्त.

गणित_शिकवतो

थांबायची तयारी पाहिजे, बरोबर. पण किती थांबायचं याचा हिशोब लोक करत नाहीत, म्हणून करून दाखवतो. समजा एखाद्या कार्डाचा चान्स अर्धा टक्का आहे, अशा गेममध्ये एवढा कमी चान्स काही नवीन नाही. लोकांना वाटतं दोनशे वेळा ओढलं की येणारच. तसं नसतं. शंभर वेळा ओढून ते कार्ड एकदा तरी मिळायची शक्यता साधारण ३९ टक्के, दोनशेला ६३ टक्के. म्हणजे दोनशे चक्र्या मारलेल्या दर तीन जणांमागे एकजण तरी रिकाम्या हाताने बसलेला असतो. पाचशे वेळा ओढूनही आठ टक्के लोकांना ते मिळत नाही. त्यात डोक्कानच्या दराने दोनशे कार्डं म्हणजे हजार स्टोन. आणि एकदा मिळून भागत नाही, तेच कार्ड परत परत मिळालं तरच त्याची लपलेली ताकद पूर्ण उघडते.

मागच्या शंभर वेळा नाही आलं म्हणून पुढच्या वेळी यायची शक्यता वाढत नाही. माझ्या क्लासमधली हुशार पोरंसुद्धा इथे फसतात, सर आता तर यायलाच पाहिजे म्हणतात. 'यायलाच पाहिजे' असं काही नसतं रे बाळांनो. जिथे कंपनीने ठराविक चक्र्यांनंतर गॅरंटी दिलीय तिथेच फक्त ते म्हणता येतं.

ॲपलने २०१७ च्या शेवटी नियम केला की असे चान्स खरेदीच्या आधी दाखवलेच पाहिजेत. आकडे तिथे लिहिलेले असतात, वाचा एवढंच म्हणणं आहे.

दोन_मुलांची_आई

मी गेम खेळत नाही पण हे वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे मोठे आहात, कमावते आहात, तुमचा संयम तुमच्यापाशी. माझा मोठा सातवीत आहे. गेमचं नाव घेत नाही, तुमचा हा नाही, दुसरा होता, पण असाच कार्डांचा. माझा फोन, फोनला कार्ड जोडलेलं, आणि पोराने एका सुट्टीत खेळता खेळता जी रक्कम घालवली ती आमच्या घराला मोठी होती. त्याला ओरडले तर म्हणाला आई मी पैसे नाही दिले, मी तर जेम्स दिले. त्याला खरंच वाटत होतं की त्याने पैसे खर्च केलेले नाहीत! रुपयाचे जेम्स, जेम्सची तिकिटं, तिकिटांची कार्डं, एवढ्या पायऱ्या मध्ये घातल्यावर बारा वर्षांच्या मुलाला काय कळणार. मोठ्यांनाही कळत नाही.

सैयान दादा, तुम्ही लिहिलंत की दुकान आहे पण जायलाच पाहिजे असं नाही. मुलांच्या बाबतीत ते दुकान वर्गातच उघडलंय असं समजा. मित्राकडे आहे, माझ्याकडे नाही, हे दुःख त्या वयात फार मोठं असतं हो.

विदर्भवीर_व्हेजिटा

ताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे ती आजच चालू करा, आणि पोराच्या हातातल्या फोनला कार्ड जोडूच नका. पण यात मोठ्यांनी खेळणं चूक हे कुठून आलं?

रीमा_के

हेच चुकतं ना. प्रत्येक वेळी जबाबदारी आईवर. बेल्जियमने २०१८ मध्ये सांगितलं की पैसे घेऊन नशिबावर वस्तू देणारे असे खोके जुगार कायद्यात बसतात, मग पुढच्या वर्षी निंटेन्डोने तिथून आपले दोन मोबाइल गेमच काढून घेतले. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर होतं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा आला, रमी, पोकर, फँटसी क्रिकेट सगळे पैशाचे खेळ बंद झाले, पण पैसे लावून पैसे जिंकणं हाच त्याचा मुख्य रोख आहे. इथे पैसे लावून चित्र मिळतं, त्यामुळे हे बाजूलाच राहिलं. माझ्या मते किमान अठराच्या खालच्यांना नशिबावरची खरेदी बंद पाहिजे, आणि महिन्याला किती घालता येतील यावर मर्यादा पाहिजे.

सैयान_सातारकर

ताईंचं वाचलं. अठराच्या खाली खरेदी बंद, याला माझा शंभर टक्के पाठिंबा, जपानमधल्यासारखी चक्र्यांची मर्यादा सगळ्या गेमना सक्तीची करा यालाही पाठिंबा. किंमत सरळ रुपयात दाखवा, एका मल्टीला (एकदम दहा कार्डांना) इतके रुपये, स्टोनच्या आड लपवू नका, हे माझ्याकडून अजून एक.

पण तोक्योवासी, तुमचा गर्दीचा मुद्दा मी मानत नाही. तुमच्या हिशोबाने फुकट वाचनालयात बसणारा, फुकट गाणी ऐकणारा, सगळेच कुणाच्या तरी धंद्याचा माल आहेत. असतील. तरीही त्या पोराने पुस्तक वाचलेलं असतं. मी एकही मोठी स्टेज पैशाने काढलेली नाही, रात्र रात्र बसून कुठल्या टर्नला कोण पुढे ठेवायचा, कोण मार खाईल, आयटम कधी वापरायचा हे डोकं लावून काढलीय, आणि ती माझी कमाई आहे. कंपनीने गर्दी म्हणून मला मोजलं तर मोजू दे.

तोक्योवासी_पुणेकर

कमाई तुमचीच, ती कोणी नाकारत नाही. मी फक्त म्हणतो की त्याच खेळात कोणीतरी स्वतःचा पगार उडवतोय हे दिसत असताना 'ज्याचा त्याचा प्रश्न' म्हणून सोडू नका. इथे माझ्या ओळखीत असा माणूस आहे, चांगला इंजिनियर, बोनस आला की महिनाभरात संपतो. त्याला सांगणारे सगळे बाहेरचे आहेत, म्हणून तो ऐकत नाही. खेळणाऱ्याने सांगितलं तर कदाचित ऐकेल.

सैयान_सातारकर

हे मात्र बरोबर बोललात. माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये दोघंतिघं आहेत असे, नवीन एलआर (सगळ्यात दुर्मिळ दर्जाचं कार्ड) आला की पहिल्या दिवशी सगळी ताकद उघडलेली असते, एवढ्या फुकट स्टोनमध्ये ते होत नाही. त्यातल्या एकाशी बोलणं होतं माझं. विचारतो त्याला.

दोन_मुलांची_आई

पासवर्डचं सेटिंग केलं, धन्यवाद. धाकटी विचारतेय की तो गोहान आणि त्याच्या बाबांचा प्रसंग कुठल्या भागात आहे, गेम नको, नुसता बघायचाय.

सैयान_सातारकर

ताई, झी मध्ये सेल गेम्सचा शेवट बघायला सांगा. पण एकदम तिथूनच नको, सेलची गोष्ट सुरुवातीपासून दाखवा, गोहान आधी किती घाबरतो ते बघितलं तरच ते शेवटचं कळतं.