गच्चीवर पिक्चर ओळखायचा खेळ घ्यायचाय, सगळ्यांना खेळता येईल असा सांगा

राजारामपुरीकर:
दिवाळीला पुण्या-मुंबईचं सगळं पब्लिक घरी येतंय, शाळेपासूनचा ग्रुप हाय आमचा, एका रात्री आमच्या गच्चीवर बसायचं ठरलंय. तांबडा-पांढरा फिक्स हाय, त्याचं टेन्शन नाही. खेळाचं काय करायचं ते सांगा. दरवेळी दमशेराज होतं आणि तेच दोघं-तिघं ओरडून उत्तर देतात, बाकीचे नुसते बघत बसतात. ह्यावेळी मित्रांच्या बायका हायत ज्या पहिल्यांदाच सगळ्यांना भेटणार, एकाची आई हाय जिला दादा कोंडकेंचे सगळे पिक्चर पाठ, आणि पोरं हायत ज्यांना सैराटच्या आधीचं काही माहीत नाही. 14 जण होतील. कुणी कोपऱ्यात बसू नये एवढीच इच्छा हाय, सुचवा काहीतरी.

गंगावेशकर:
भावा डोळे झाकून चिठ्ठ्यांचा तीन फेऱ्यांचा खेळ घे. प्रत्येकानं तीन पिक्चरची नावं तीन चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची, म्हणजे 14 जणांच्या 42 झाल्या. दोन टीम, एका मिनिटात जेवढ्या ओळखल्या तेवढे पॉइंट. पहिल्या फेरीत तोंडानं काहीही सांगायचं, फक्त नावातला शब्द वापरायचा नाही. डबा संपला की त्याच चिठ्ठ्या परत आत, दुसऱ्या फेरीत एकच शब्द बोलायचा. तिसऱ्या फेरीत परत त्याच चिठ्ठ्या पण आता मुकाट्यानं अभिनय.
मजा कुठं हाय बघ, पिंजरा कुणी बघितला नसला तरी पहिल्या फेरीत त्याच्या कानावर पडतं की तमाशातल्या बाईच्या नादाला लागलेला मास्तर, मग दुसऱ्या फेरीत नुसतं "मास्तर" म्हटलं की त्याला कळतंय, आणि तिसऱ्या फेरीत तोच पोरगा हातानं गज धरून दाखवतोय. म्हणजे ज्यानं पिक्चर बघितलेला नाही तोसुद्धा शेवटी खेळात असतो. दमशेराजमध्ये हे होत नाही, तिथं बघितला नसेल तर विषय संपला.

पाटी_पेन्सिल:
वरचं भारीच हाय पण नवीन लोकांना लगेच उठून बोलायला लाजल्यासारखं होतं, म्हणून सुरुवात बसून खेळायच्या खेळानं करा. वहीच्या मागच्या पानावर आपण बॉलीवूड खेळायचो ना इंग्रजी अक्षरांचं, एकेक अक्षर सांगत पिक्चरचं नाव ओळखायचं, तेच मराठीत करा, लई मस्त होतंय. अक्षराच्या जागी रेघ मारायची आणि काना मात्रा वेलांटी अनुस्वार तेवढे दाखवायचे, शब्द स्वरानं सुरू होत असेल तर तेवढा स्वर लिहूनच द्यायचा. पिंजराचं बघा, पहिल्या रेघेवर वेलांटी आणि टिंब, दुसरी मोकळी, तिसरीवर काना. अशी ही बनवाबनवी दिलात तर कुणीतरी न म्हणतंय आणि एकदम दोन घरं उघडतात, गच्चीवर कसला आवाज होतो बघा. चूक झाली की वर लिहिलेल्या तां-ब-डा-पां-ढ-रा मधलं एक अक्षर खोडायचं, सहा चुका झाल्या की गेम. पोरांना मराठी वाचता येत नसेल तर शेजारी मोठं माणूस बसवा.

मंगळवार_पेठ:
कोल्हापुरात बसून खेळताय आणि कोल्हापूरचे पिक्चर नाहीत हे काय पटत नाही बुवा. एक फेरी इथल्यांची ठेवाच. अवघड क्लू आधी, सोपा शेवटी, पाच पॉइंटपासून खाली यायचं. उदाहरण देतो. पाचाला: 1925 साल. चाराला: मूकपट. तिनाला: कर्जात जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणीत मजूर होतो. दोनाला: त्यात तरुण शेतकरी झालेत व्ही. शांताराम. एकाला: काढलाय बाबूराव पेंटरांनी. उत्तर सावकारी पाश. तसंच अयोध्येचा राजा घ्या, 1932 चा, दुर्गा खोटे तारामती, प्रभातनं तो इथंच काढला आणि पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली. सोपा पाहिजे तर नटरंग, तिथं "कागलच्या लेखकाची कादंबरी" म्हटलं की बास. पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला ह्याच गावात, पोरांच्या कानावर हे पडायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गंगावेशकर:
फेरी मस्त हाय, पण ती पाच-सहा पिक्चरचीच ठेवा, लांबली की क्विझ होतंय आणि बाहेरून आलेल्या वहिनी परत गप्प. आणि चिठ्ठ्यांना एकच नियम घाल: घरातल्या निदान तीन माणसांनी बघितलाय असं वाटतं तोच पिक्चर लिहायचा. कुणाला येऊच नये म्हणून शोधून लिहिलेल्या नावांनी खेळ मरतो, 42 मधल्या दहा जरी तशा निघाल्या तरी पहिली फेरी रटाळ होते. हे सगळ्यात महत्त्वाचं.

राजारामपुरीकर:
नाद खुळा सांगितलंय सगळ्यांनी. आधी पाटीवरचा, मग चिठ्ठ्या, जेवणानंतर कोल्हापूरची फेरी आणि ती मित्राच्या आईनं घ्यायची, क्लू त्याच वाचणार. टीम कशा पाडू? नवरा-बायको एकत्र का वेगळे?

पाटी_पेन्सिल:
वेगळे. एकत्र बसले की आपसातच कुजबुजतात, नवीन ओळख होत नाही. पोरंपण दोन्हीकडं वाटून घाला आणि काकूंच्या टीमला सगळ्यात लहान पोरगं द्या, तिसऱ्या फेरीत पांडू हवालदार निघाला तर काकू त्याला सॅल्यूट ठोकायला शिकवतील.